फ्रिज कुणासाठी घेताय?

आमच्यातल्या कुणीतरी एकानं, फक्त एकानं, त्या उन्हाळ्यात "मला यातलं काही कळत नाही" असं म्हणायला हवं होतं. कुणी म्हणालं नाही. ज्यांनी आयुष्यात फ्रिजच्या मुठीला हात लावला नव्हता, त्यांनीही दार डावीकडे उघडावं की उजवीकडे यावर मत दिलं. ज्यांना खोटं बोलायचं होतं ते खोटं बोलले, ज्यांना गप्प बसायचं होतं ते गप्प बसले, आणि सगळा घोळ झाल्यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले. कारण काय, तर मी बी.एस्सी. होते.

एका घरात एक फ्रिज घ्यायचा, यात सांगण्यासारखं काय आहे, असं मलाही वाटायचं. पण आई, आप्पा, मी, निमोण्याचा मामा आणि समोरच्या मंगलकाकू एवढी माणसं एकत्र आली की किस्से बनवावे लागत नाहीत. वाटीत उरलेल्या भाजीसारखे ते उरतच जातात. टाकवत नाहीत आणि ठेवायला जागाही नसते. तेव्हा ऐका.

*

गोष्ट दोन हजार चार-पाचच्या सुमाराची. आम्ही शिरूरला राहायचो. आप्पा शिक्रापूरच्या एका कंपनीत स्टोअरला होते. मी दौंडच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते, टेंपररी. सोमवारी सकाळच्या एसटीनं जायचं, आठवडाभर खोलीवर राहायचं, शनिवारी परत यायचं.

आईला साखर होती आणि दोन वर्षांपासून इन्सुलिन सुरू होतं. ते थंड जागी ठेवावं लागतं. आमच्याकडे फ्रिज नव्हता. रस्त्यापलीकडे मंगलकाकूंकडे होता, जुना, लाल रंगाचा, दार लावताना खटकन आवाज करणारा. काकू माळकरी. त्यांच्या फ्रिजच्या दारातला अंड्यांचा कप्पा फ्रिज घरात आल्यापासून रिकामा होता. तिथे आईची इन्सुलिनची बाटली राहायची. सकाळी सातला आई सिरिंज घेऊन रस्ता ओलांडायची, संध्याकाळी सातला पुन्हा.

एका बुधवारी दौंडच्या बाजारात मला काकू भेटल्या. त्यांची मुलगी दौंडला दिलेली.

"पोरीकडं आले चार दिस," त्या म्हणाल्या.

आम्ही दोघींनी उभ्या-उभ्या पेरू खाल्ले, मीठ लावून. मी त्यांना माझी खोली दाखवली. त्या पंख्याखाली बसल्या, मग एकदम उठल्या आणि करमत नाही म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी शिरूरला परतही गेल्या.

शनिवारी मी घरी आले तर आई पडून होती. तोंडाला कोरड, डोळे खोल गेलेले. मी सिरिंजचं पाकीट उघडून मोजलं. चार जास्त होत्या.

काकू दोन दिवस घराला कुलूप लावून गेल्या होत्या आणि आईचं इन्सुलिन आत होतं.

"दवाखान्यातून दुसरी बाटली आणायची ना," मी ओरडले.

"आणली असती तर ठिवायची कुठं?" आई म्हणाली.

मी काही बोलायच्या आत ती पुढे म्हणाली, "काकूंना सांगायचं न्हाई. त्यांना वाटंल, माझ्यामुळं झालं."

*

त्याच संध्याकाळी ठरलं, आपल्या घरी आपला फ्रिज. माझ्या आईनं औषधासाठी कुणाच्या दारात उभं राहायचं नाही. मी हे बरंच मोठ्यानं बोलले. आईची एकच अट होती. फ्रिज कशासाठी, ते काकूंना कळता कामा नये.

मग काकूंना सांगायचं काय? याचा निर्णय तेव्हाच सगळ्यांनी बसून घ्यायला हवा होता. घेतला नाही. प्रत्येकानं आपापला घेतला.

आप्पांनी सांगितलं, कंपनीतले लोक घरी येतात, गार पाणी लागतं. आमच्याकडे कंपनीतलं कुणी कधीही आलेलं नव्हतं. आईनं सांगितलं, दूध नासतं. आणि निमोण्याहून आलेल्या मामानं सांगितलं, सुजाताच्या लग्नाची तयारी आहे.

पुढच्या शनिवारी मी स्टँडवरून घरी येईपर्यंत तीन बायकांनी माझ्याकडे बघून हसून घेतलं. काकू दारातच होत्या.

"सुजे, मुलगा शाळंतलाच का गं?"

कॉलेजात मी हुंड्याविरुद्ध मुलींकडून शपथा लिहून घेतल्या होत्या. वर्गात जाऊन, बाकावर उभं राहून. आणि आता गल्लीभर बातमी होती की माझ्या लग्नात फ्रिज दिला जाणार आहे.

"मामा, हे काय केलंत?"

"अगं, कारण कसं घट्ट पायजे," मामा म्हणाला. "दूध नासतं, हे कुणी मानंल का? दूध तर तिच्या जन्मापासनं नासतंय."

"मी आत्ता जाऊन सांगते काकूंना, लग्न नाही म्हणून."

आई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "थांब की. फ्रिज येऊ दे, मग मोड."

*

मी वही केली. एकेका पानावर एकेक फ्रिज. किती लिटर, वीज किती खातो, बर्फ आपोआप वितळतो की बटण दाबावं लागतं, आणि ओझोनला त्रास देणारा गॅस त्यात आहे का. शेवटच्या रकान्याखाली मी लाल रेघ मारली होती. त्यावर तडजोड नाही.

शिरूरच्या दुकानात मी, आई आणि आप्पा गेलो. दुकानदाराला मी ओझोनच्या थराबद्दल दहा मिनिटं समजावून सांगितलं. त्यानं हात बांधून ऐकलं.

"मॅडम, ते वरचं भोक मोठं व्हईल तवा व्हईल," तो म्हणाला. "आपल्याकडं व्होल्टेज पडलं की कॉम्प्रेसर आजच जातो. आधी स्टॅबिलायझर घ्या."

मी वहीत स्टॅबिलायझरचा रकाना वाढवला.

मग त्यानं विचारलं, "घरात माणसं किती?"

"तीन," आई म्हणाली.

"अकरा," आप्पा म्हणाले. त्यांनी मामाचं घर, आत्याचं घर आणि जत्रेला येणारे दोघं धरले होते.

"एक बाटली," मी म्हणाले.

दुकानदारानं तिघांकडे आळीपाळीनं बघितलं. "तुम्ही सगळी एकाच घरातली ना?"

*

फ्रिज ठेवायचा कुठे, हा वाद त्याहून मोठा. आमचं स्वयंपाकघर म्हणजे ओटा, मांडणी आणि चार माणसांची पंगत. मी म्हटलं, स्वयंपाकाची वस्तू स्वयंपाकघरात.

मामाला हे पटेना. "फ्रिज घ्यायचा आन् आत लपवायचा? पुढच्या खोलीत ठिवा. आल्यागेल्याला दिसू दे."

आप्पा स्टोअरचे माणूस. त्यांच्या मते जागा आखल्याशिवाय माल मागवायचा नसतो. त्यांनी वहीतलं माप घेतलं आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात फरशीवर खडूनं चौकोन आखला. दार उघडायला जागा लागते म्हणून पुढे एक अर्धगोलही काढला.

"आता महिनाभर वापरून बघा," ते म्हणाले.

आम्ही खरंच वापरून बघितला. पहिले दोन दिवस आई चौकोनावरून चालायची आणि आप्पा तिला टोकायचे. मग ती वळसा घालून जायला लागली. फरशी पुसताना खडूच्या रेघा राखून पुसायची. डबे चौकोनाबाहेर सरकले. एकदा चौकोनात परात ठेवलेली दिसली तर मीच ती उचलली आणि मग जरा वेळ तिथेच उभी राहिले, आपण हे काय केलं म्हणून.

काकू यायच्या त्याही अर्धगोलाच्या बाहेर उभ्या राहून बोलायच्या. ही रेघ कसली, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही.

एका रविवारी मामा जेवायला आला. पाट घेऊन नेमका चौकोनात बसला. आईनं ताट वाढलं.

"पाव्हणं, तिथनं उठा," आप्पा म्हणाले. "तिथं फ्रिज हाय."

मामानं डोक्यावर बघितलं, मागे बघितलं. मग ताट उचललं आणि म्हणाला, "तरीच म्हटलं, पाठीला गार का लागतंय."

*

माझ्या वहीत आता चौदा पानं झाली होती आणि मला पहिल्यापेक्षा कमी कळत होतं. सिंगल डोअर की डबल डोअर, यावर शाळेच्या स्टाफरूममध्ये दोन गट पडले होते आणि ते आपसात बोलत नव्हते. पण माझा खरा प्रश्न वेगळा होता आणि त्याचं उत्तर कुणालाच माहीत नव्हतं. लोडशेडिंगमध्ये वीज गेली की कुठला फ्रिज जास्त वेळ थंड राहतो?

मी शाळेच्या प्रयोगशाळेतून तीन थर्मामीटर घेतले आणि स्टेशनजवळच्या दुकानात गेले. दुकानदाराची मुलगी माझ्या वर्गात होती, त्यामुळे तो नाही म्हणू शकला नाही. तीन फ्रिजमध्ये एकेक थर्मामीटर ठेवला. तीन तास बटणं बंद करायची, दारं उघडायची नाहीत. मी शाळेत जाऊन दोन तास शिकवून आले.

सगळ्यात मोठा, डबल डोअरचा फ्रिज सगळ्यात गरम झाला होता. मी तिथेच वहीत निष्कर्ष लिहिला. मोठे फ्रिज कुचकामी.

दुकानातला कामगार शेजारी उभा होता. "मॅडम, त्यात आमची प्यायच्या पाण्याची बाटली असती," तो म्हणाला. "दर पाच मिनिटाला कुणीतरी उघडतंय."

मी निष्कर्ष खोडला. दुसरा फ्रिज बघितला, तो बरा होता. तिसऱ्याची जागा मोकळी होती.

"आणि तिसरा?"

"तो मघाशी विकला."

"त्यात माझा थर्मामीटर होता."

"असंल की," तो म्हणाला. "त्या माणसानं विचारलं, ही कांडी कसली? मी म्हटलं, कंपनीकडनं फ्री हाय."

शाळेच्या रजिस्टरात मी 'एक थर्मामीटर फुटला' असं लिहिलं. घरात सगळे खोटं बोलतच होते, त्यात माझीही भर.

*

शेवटी आप्पांनी तारीख दिली. या रविवारी दौंडला जायचं आणि फ्रिज घेऊनच यायचं. मामाच्या ओळखीचा टेंपो ठरला. आई, आप्पा, मामा टेंपोत चढले आणि बघतात तर ड्रायव्हरच्या शेजारी मंगलकाकू आधीच बसलेल्या. पदर नीट खोचलेला, हातात पिशवी.

"पोरीकडं जायचंय," त्या म्हणाल्या. "आन् फ्रिजातलं तुमच्यात माझ्याशिवाय कुणाला कळतंय?"

हे खरं होतं. ज्या बाईपासून लपवायचं होतं, आमच्यात फ्रिज वापरलेली तीच एक बाई होती.

मी त्या शनिवारी घरी न जाता दौंडलाच थांबले होते आणि दुकानाच्या दारात वही घेऊन उभी होते. काकूंना उतरताना बघून मी आईकडे बघितलं. आईनं डोळ्यांनीच सांगितलं, गप्प.

"लग्नाचा फ्रिज का?" दुकानदारानं विचारलं.

"व्हय," मामा म्हणाला.

"नाही," मी म्हणाले.

"दोन्ही," आप्पा म्हणाले.

मी वही उघडली. पान सात आणि पान अकरा यांत निवड करायची होती. आप्पा टेप काढून उंची मोजत होते. मामा फ्रिजच्या पाठीवर थापा मारून बघत होता, बैल घेताना मारतात तशा. आई एका कोपऱ्यात उभी होती. तिला कुणी काही विचारतच नव्हतं.

काकू सरळ पहिल्या फ्रिजपाशी गेल्या. दार उघडलं. आत बघितलंच नाही. दारातला अंड्यांचा कप्पा तेवढा बघितला. मग पदराची गाठ सोडली आणि आतून एक लहानशी काचेची बाटली काढली. रिकामी. रबरी बूच, अर्धवट निघालेलं लेबल. आईच्या इन्सुलिनची.

त्यांनी ती अंड्याच्या खळग्यात उभी केली, दार लावलं, पुन्हा उघडलं. बाटली आडवी झाली होती.

"ह्यो न्हाई."

दुसऱ्यात बाटली खळग्यातून खालीच पडली. ती त्यांनी झेलली. तिसऱ्यात तिरकी झाली. माझ्या पान सातवरचा फ्रिज तो. चौथ्यात बाटली उभी राहिली. काकूंनी दार तीनदा आपटलं. तरी उभी.

"ह्यो घ्या."

"आजी, हे जुनं मॉडेल आहे," दुकानदार म्हणाला. "सिंगल डोअर. नवीन फ्रॉस्ट-फ्री बघा की."

"त्यात बाटली हुबी ऱ्हाती का?"

दुकानदारानं माझ्याकडे बघितलं. माझ्या वहीत हा रकाना नव्हता.

काकूंनी बाटली पुन्हा पदरात बांधली. "काय गं शालन?" त्यांनी आईला विचारलं. आईनं मान हलवली. झालं.

काकू मुलीकडे गेल्याच नाहीत. येतानाही ड्रायव्हरशेजारी बसल्या. आम्ही चौघं मागे, फ्रिजला धरून. टेंपोच्या आवाजात आप्पांनी हळूच विचारलं, "कुणी सांगितलं त्यांना?"

"म्या न्हाई," मामा म्हणाला.

आई म्हणाली, तिनं नाही. मी तर त्या आठवड्यात घरी गेलेच नव्हते. मग कुणी?

तेवढ्यात पुढून काकूंनी मान बाहेर काढली. "सुजे, तारीख काढली का गं लग्नाची?"

*

फ्रिज खडूच्या चौकोनात बरोबर बसला. आप्पांनी आजूबाजूच्या चारपाच जणांना बोलावून ते दाखवलं. काकूंनी हळदकुंकू लावलं आणि आईची बाटली स्वतः आणून अंड्याच्या कप्प्यात उभी केली.

दोन दिवस सगळं ठीक होतं. तिसऱ्या दिवसापासून लोडशेडिंगचं नवं वेळापत्रक लागलं. रस्त्याच्या आमच्या बाजूची वीज सकाळी सहा ते अकरा जाणार. काकूंच्या बाजूची अकरा ते चार.

पहिल्याच सकाळी सहाला आई उठली, बाटली वाटीत ठेवली आणि रस्ता ओलांडून काकूंच्या फ्रिजात नेऊन ठेवली. सातचं इंजेक्शन तिकडेच. अकराला बाटली परत आमच्याकडे. बाटलीबरोबर काकूंचं दही आलं. दुसऱ्या दिवशी जाताना आमचं दूध गेलं. आठवड्याभरात दोन्ही घरांतलं सगळंच रोज दोनदा रस्ता ओलांडू लागलं.

हे मला सहन होईना. मी उरलेल्यातला एक थर्मामीटर आणला. पाच तास फ्रिज बंद ठेवला आणि दाराशी स्वतः बसून राहिले, कुणाला उघडू दिलं नाही. आतलं तापमान थोडंसंच वाढलं. इन्सुलिनला काहीही होत नाही. मी आकडे कागदावर लिहून आईला आणि काकूंना वाचून दाखवले. बाटली कुठेही न्यायची गरज नाही.

"शिकलेली हाय," काकू आईला म्हणाल्या. "खरंच असंल."

आईनंही मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सहाला वाटी निघाली.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी होते तेव्हा दौंडच्या दुकानातून मेकॅनिक आला, फुकट सर्व्हिसिंगला. सकाळचे साडेदहा वाजले होते. त्यानं फ्रिजचं दार उघडलं. आत काहीही नव्हतं. एक लिंबूसुद्धा नाही.

"मॅडम, वापरत नाही का तुम्ही?"

"वापरतो की," आप्पा म्हणाले. "अकराच्या पुढं."

त्याला काही समजेना. मी त्याला रस्त्यापलीकडे घेऊन गेले. काकूंच्या खोलीत आई आणि काकू चहा पीत बसल्या होत्या. त्यानं लाल फ्रिज उघडला. आत दूध, दही, मेथीची जुडी, मिरच्या, आप्पांचे डोळ्यांत घालायचे थेंब, आणि दारात बाटली.

"हा फ्रिज कुणाचा?"

"माझा," काकू म्हणाल्या.

"आणि आतलं सामान?"

"माझं," आई म्हणाली. "दही त्यांचं."

मेकॅनिक आणखी काही विचारणार तेवढ्यात डोक्यावरचा पंखा मंद होत होत थांबला. अकरा वाजले होते. दोघींनी कप खाली ठेवले आणि उठल्या. आईनं बाटली वाटीत घेतली. काकूंनी दुधाचं पातेलं घेतलं. माझ्या हातात कुणीतरी दही दिलं. मेथी आणि मिरच्या मेकॅनिकच्या हातात आल्या. त्या कुणी दिल्या, ते त्यालाही कळलं नसावं. रस्त्यावर एक ट्रॅक्टर येत होता. तो आम्हाला बघून थांबला. त्याला सवय होती.

घरी आलो, सगळं आत लागलं. आईनं बाटली कप्प्यात उभी केली. काकूंनी दार लावलं, पुन्हा उघडून बघितलं, आणि पाट ओढून तिथेच बसल्या.

मेकॅनिकनं मिरच्यांचे हात पँटला पुसले आणि खिशातून फॉर्म काढला. मालकाच्या नावापुढे रेघ रिकामी होती. त्यानं आईकडे बघितलं, काकूंकडे बघितलं, आप्पांकडे, माझ्याकडे, मग खिडकीतून रस्त्यापलीकडच्या उघड्या दाराकडे. बराच वेळ तो पेनाचं टोपण लावत-काढत राहिला.

"सही कुणाची घेऊ?" तो म्हणाला.